पाऊण सेकंदाचं चित्र: 'डाली अ‍ॅटॉमिकस' पुन्हा घडवताना

हवेत उडी घेतलेला चित्रकार, झेपावणारी तीन मांजरं, त्यांच्यामधून वळत गेलेला पाण्याचा पट्टा, तिरकी तरंगणारी खुर्ची, अधांतरी इझल (चित्र ठेवायची लाकडी घोडी), खाली जमिनीपासून सुटलेलं छोटं स्टूल. छायाचित्रकार फिलिप हाल्समन यांनी १९४८ साली स्पॅनिश चित्रकार साल्वादोर डाली यांचं 'डाली अ‍ॅटॉमिकस' हे छायाचित्र काढलं आणि 'लाइफ' साप्ताहिकाने ते छापलं. चौकटीतल्या एकाही मुख्य वस्तूचा जमिनीला स्पर्श नाही, आणि हीच त्या चित्राची कल्पना आहे. अणूच्या आत काहीच कशाला टेकलेलं नसतं, या विचाराने डाली तेव्हा झपाटलेले होते. छायाचित्रात उजवीकडे दिसणारं त्यांचं 'लेडा अ‍ॅटॉमिका' हे रंगचित्र त्याच विचारातून आलेलं. त्यातही लेडा, हंस, समुद्राचं पाणी सगळं एकमेकांपासून थोडं सुटून तरंगतं. छायाचित्र काढलं तेव्हा ते रंगचित्र पूर्णही झालेलं नव्हतं.

मानवंदना म्हणून जी छायाचित्रं पुन्हा घडवली जातात त्यांत हे वारंवार निवडलं जातं, आणि बहुतेक वेळा फसतं. फसण्याचं कारण साधनांत नसतं. त्यातला कोणता निर्णय बदलता येतो आणि कोणता नाही, हे आधी ठरवलेलं नसतं. या प्रकरणात तो एकच प्रश्न धरून संपूर्ण मांडणी तपासली आहे. गृहीत धरलेली साधनं अशी: सहा बाय आठ मीटरची रिकामी खोली, छत किमान साडेतीन मीटर, सात माणसं, पूर्ण फ्रेमचा ४५ मेगापिक्सेलच्या आसपासचा मिररलेस कॅमेरा, ३५ मिमी लेन्स, आणि एकाच मॉडेलचे सहा बॅटरीवरचे फ्लॅश.

मूळ चित्रात खरं किती, केलेलं किती

सुरुवात मूळ चित्राच्या रीटच न केलेल्या, म्हणजे काहीही न पुसलेल्या आवृत्तीपासून करावी. ती उपलब्ध आहे आणि ती पाहिल्याशिवाय पुढे जाणं म्हणजे अंधारात चाचपडणं. तिच्यात इझल आणि रंगचित्र तारांवर लटकलेलं स्पष्ट दिसतं. खुर्ची हाल्समन यांच्या पत्नी इव्होन हातात धरून उभ्या आहेत. स्टुलाखाली आधार आहे. इझलवरची चौकट रिकामी आहे. तिच्यातलं चित्र डालींनी नंतर प्रिंटसाठी काढून दिलं.

म्हणजे खुर्ची, इझल, स्टूल आणि रंगचित्र ही चार मंडळी जागेवर स्थिर होती. खरोखर हवेत होते ते डाली, तीन मांजरं आणि पाणी. हे पाच घटक एकाच क्षणी, एकाच निगेटिव्हवर आले. तारा पुसल्या, हात पुसले, पण उडी, मांजरं आणि पाणी वेगवेगळं टिपून चिकटवलेलं नाही. हा या चित्राचा कणा आहे. बाकी सगळं बदललं तरी चालेल, पण 'पाचही एकदम' हे सुटलं तर हातात उरतं ते फक्त त्याच्यासारखं दिसणारं काहीतरी.

प्रत्येक मूळ कृतीचा कणा वेगळा असतो. कॅनडाचे छायाचित्रकार जेफ वॉल यांनी १९९३ साली जपानी चित्रकार होकुसाई यांच्या वाऱ्याच्या झोताच्या चित्रावरून 'अ सडन गस्ट ऑफ विंड' केलं, तेव्हा वर्षभराहून अधिक काळ टिपलेली शंभरावर छायाचित्रं संगणकावर जोडली. तिथे ते योग्यच होतं. होकुसाईंचं चित्र लाकडी ठशांनी, एकेक रेष रचून केलेलं. रचलेल्या चित्राला रचून उत्तर दिलं. हाल्समन यांचं चित्र रचलेलं नाही, पकडलेलं आहे. त्याला उत्तरही पकडूनच द्यायला हवं, असं आमचं ठाम मत आहे.

पंचवीसहून जास्त वेळा का लागलं

हाल्समन मोजायचे. 'तीन'वर तीन सहायक मांजरं फेकत आणि चौथा बादलीतलं पाणी. 'चार'वर डाली उडी मारत. प्रत्येक वेळी हाल्समन अंधारखोलीत जाऊन निगेटिव्ह धुऊन पाहत, तोवर बाकीचे फरशी पुसत आणि मांजरं पकडून आणत. असे पंचवीसहून जास्त प्रयत्न आणि सुमारे सहा तास गेले. फसलेल्या चौकटीही प्रसिद्ध आहेत: एकीत पाणी डालींच्या अंगावर, एकीत उडीला उशीर, एकीत सेक्रेटरी चौकटीत शिरलेली.

हा आकडा योगायोगाचा नाही. पाच हलते घटक आहेत. प्रत्येक घटक निम्म्या वेळा नीट पडतो असं धरलं, तर पाचही एकत्र नीट पडण्याची शक्यता बत्तिसात एक. हा ढोबळ हिशेब आहे, पण प्रत्यक्ष लागलेल्या प्रयत्नांच्या अगदी जवळचा. आणि यातूनच तयारीची दिशा मिळते. प्रत्येक घटक चारपैकी तीन वेळा नीट पडेल इतका सराव करून घेतला, तर पाच एकत्र जमण्याची शक्यता साधारण चारात एक होते. म्हणून पाणी न घेता आधी सगळ्यांची कोरडी तालीम घ्यायची. फेकणाऱ्या प्रत्येकाने आपली वस्तू एकट्याने वीस वेळा फेकायची, भिंतीवर टेपने केलेल्या खुणेजवळून ती दहातून सात-आठ वेळा गेली पाहिजे. हे कंटाळवाणं वाटतं आणि बहुतेक गट इथेच घाई करतात. मग ओल्या फरशीवर तीसतीस प्रयत्न होतात, माणसं थकतात, आणि थकलेल्या माणसाची उडी पंधराव्या प्रयत्नानंतर बुटकी होत जाते.

ताल

सगळ्यात जास्त चुका वेळेच्या होतात, आणि त्या सुधारणं सगळ्यात सोपं आहे, कारण इथे नुसतं गुरुत्वाकर्षण आहे.

जागेवरून घेतलेली चाळीस सेंटिमीटरची उडी माथ्यावर पोचायला ०.२८ सेकंद घेते. माथ्याच्या पाच सेंटिमीटरच्या आत शरीर साधारण ०.२ सेकंद राहतं. शटर दाबायला मिळणारी खिडकी एवढीच. माणसाला डोळ्यांनी पाहून बोट हलवायलाच ०.२ ते ०.२५ सेकंद लागतात. म्हणजे 'माथा दिसला की दाबतो' असं म्हणणारा दरवेळी खाली येणारा माणूस टिपणार.

उपाय प्रतिक्रियेवर अवलंबून न राहता तालावर अवलंबून राहण्याचा. मेट्रोनोम (ठोके देणारं तालयंत्र) मिनिटाला १२० ठोक्यांवर लावा, म्हणजे दोन ठोक्यांत अर्धा सेकंद. मोजणी 'एक, दोन, तीन, चार, आणि' अशी मोठ्याने. वस्तू आणि पाणी 'तीन'वर हातातून सुटलं पाहिजे. फेकण्याची हालचाल त्याआधीच सुरू झालेली हवी. उडी मारणाऱ्याचे पाय 'चार'वर जमीन सोडतील, म्हणजे गुडघे वाकवणं 'तीन'नंतर लगेच. छायाचित्रकाराचं बोट 'आणि'वर. 'आणि' हा अर्ध्या ठोक्याचा शब्द, 'चार'नंतर ०.२५ सेकंदांनी येतो. कॅमेऱ्याचा विलंब मिळवला की ०.२८ ते ०.३० होतं. माथा तिथेच आहे. मोजणारा आणि शटर दाबणारा एकच असावा, दोन असले की ताल फुटतो.

आता या हिशेबातून दुसरी गोष्ट दिसते. वस्तू हातातून सुटल्यापासून शटर पडेपर्यंत जवळपास ०.७८ सेकंद जातात, पाऊण सेकंदाहून किंचित जास्त. छातीच्या उंचीवरून, म्हणजे साधारण १.३ मीटरवरून, आडवी फेकलेली वस्तू अर्ध्या सेकंदात जमिनीवर असते. पहिल्या तालमीत सगळ्यांचं हेच होतं: माणूस हवेत, आणि फेकलेलं सगळं फरशीवर. मग 'जरा उशिरा फेका' असं सांगितलं जातं आणि मोजणीचा घोळ होतो. उशीर करायचा नाही, वर फेकायचं. सेकंदाला साडेचार मीटर वेगाने वर आणि तीन मीटर वेगाने पुढे गेलेली वस्तू पाऊण सेकंदानंतर हाताच्या उंचीपेक्षा अर्धा मीटर वर आणि सव्वादोन ते अडीच मीटर पुढे असते, बरोबर चौकटीच्या मध्याकडे. वेग कुणी मोजत बसणार नाही. शिकवताना एवढंच सांगायचं की वस्तूचा माथा फेकणाऱ्याच्या डोक्याच्या हातभर वर गेला पाहिजे.

पाणी

हाल्समन यांच्या मनात आधी दूध होतं. युद्धातली टंचाई ताजी असताना दुधाची नासाडी लोकांना खपणार नाही म्हणून पाणी आलं. तांत्रिक अंगाने हा बदल लहान नव्हता. दूध अपारदर्शक, कुठल्याही उजेडात पांढरं दिसतं. पाणी समोरून उजळलं तर करड्या भिंतीसमोर जवळजवळ नाहीसं होतं. ते दिसतं ते कडेने किंवा मागून आलेल्या उजेडात, कारण तेव्हा त्याच्या वळणांवर चमक उमटते.

इथे एक मोह होतो: पाण्यात थोडं दूध किंवा पांढरा रंग मिसळण्याचा. पाणी दिसतं खरं, पण त्याची काच जाते, लगदा फेकल्यासारखं दिसतं, आणि फरशी दुप्पट निसरडी होते. त्याऐवजी पाण्यासाठी एक फ्लॅश वेगळा द्या: पार्श्वभूमीच्या बाजूने, चौकटीच्या अगदी बाहेर, दोन मीटर उंचीवर, पाण्याच्या वाटेकडे रोखलेला. लेन्समध्ये थेट उजेड शिरू नये म्हणून त्याला काळ्या पुठ्ठ्याचा आडोसा.

दहा लिटरच्या बादलीत चार लिटर पाणी पुरतं. भरलेली बादली फेकणाऱ्याला आवरत नाही आणि पाणी गोळ्याने पडतं. दोन लिटरखाली गेलं की पट्ट्याऐवजी नुसते थेंब. पट्टा बनतो तो बादलीच्या झोक्यातून: एक हात कडीला, एक तळाला, खालून वर अर्धवर्तुळात झोका आणि शेवटी एकदम थांबा. थांबा जितका झटक्याचा तितकी पाण्याची कड स्वच्छ. बादली पुढे ढकलत नेली तर पाणी पंख्यासारखं पसरतं आणि चित्रातली ती लांब वळणदार रेघ मिळत नाही. पाणी कोमट ठेवा. गार पाणी अंगावर पडणार हे माहीत असलेला माणूस उडी मारतानाच चेहरा आवळतो, आणि ते टिपलं जातं.

पंचवीस प्रयत्न म्हणजे शंभर लिटर पाणी फरशीवर. खाली जाड प्लॅस्टिक, कडा पाच सेंटिमीटर उचलून लाकडी पट्ट्यांवर गुंडाळलेल्या, म्हणजे उथळ हौद झाला. त्यावर खरखरीत रबरी मॅट, मॅटवर करड्या रंगाने रंगवलेलं जाड कापड, जे चित्रात फरशी म्हणून दिसेल. कापड चारही बाजूंनी ताणून मॅटलाच बांधायचं, नाहीतर उतरणाऱ्या पायाखाली ते सरकतं. या सगळ्या मांडणीतला खरा धोका हाच आहे: वर पाहत उडी मारलेला माणूस ओल्या जमिनीवर उतरतो. त्याच्या बुटांचे तळ रबरी हवेत, आणि दर प्रयत्नानंतर उतरण्याची जागा पोतेऱ्याने पुसून हाताने चाचपून बघण्याचं काम एकाच माणसाला दिलेलं हवं. सातवा माणूस त्यासाठीच आहे. बाकीचे सहा म्हणजे छायाचित्रकार, उडी मारणारा, तीन फेकणारे आणि पाणीवाला. खुर्ची धरणारं कोणी नाही, ती दांड्यावर जाते, त्याबद्दल पुढे.

विजेवर चालणारं काहीही या हौदाच्या दोन मीटरच्या आत नको. फ्लॅश बॅटरीवरचे घेण्याचं एक कारण हे. पुसताना लागणारा दिवा किंवा पंखा असेलच, तर तो ३० मिलिअँपिअरवर तुटणाऱ्या गळती-संरक्षक स्विचमधूनच जोडावा.

गोठवणं

पाऊण सेकंदानंतर पाण्याचा वेग सेकंदाला पाच मीटरच्या आसपास असतो. पाच मीटर अंतरावरून ३५ मिमी लेन्सने ५.१ मीटर रुंदीची चौकट येते. सेन्सरवर आडवे साधारण ८,२०० पिक्सेल असतील तर एक पिक्सेल म्हणजे ०.६ मिमी. १/१००० सेकंदात पाणी पाच मिमी सरकतं, म्हणजे आठ पिक्सेल: थेंबांच्या शेपट्या दिसतील. १/५००० सेकंदात एक मिमी, दीड-दोन पिक्सेल. हे चालतं.

हा वेग शटरने मिळवायचा नाही, फ्लॅशच्या चमकेच्या लांबीने मिळवायचा. शटर फ्लॅशशी जुळणाऱ्या १/२०० सेकंदावर ठेवा. हायस्पीड सिंक, म्हणजे याहून वेगवान शटरसोबत फ्लॅश चालवायची सोय, वापरू नका. त्यात फ्लॅश एका चमकेऐवजी पडदा सरकेपर्यंत सलग थरथरत राहतो, सेन्सर पट्ट्यापट्ट्याने उजळतो आणि पाणी तिरकं ओढल्यासारखं येतं. शिवाय उजेडही बराच घटतो.

छोट्या फ्लॅशमध्ये ताकद कमी केली की चमक लहान होते. १/१६ ताकदीवर ती बहुतेक मॉडेलांत पुरेशी आखूड असते. माहितीपत्रकातला आकडा वाचताना तो कोणता ते पाहा: टी ०.५ हा चमक निम्म्यावर येईपर्यंतचा वेळ, टी ०.१ हा दहाव्या हिश्शावर येईपर्यंतचा. स्टुडिओतल्या साध्या फ्लॅशमध्ये टी ०.१ हा टी ०.५ च्या जवळपास तिप्पट असतो, आणि पाण्याची शेपटी टी ०.१ ठरवतो. १/१५०० लिहिलेला मोठा फ्लॅश प्रत्यक्षात १/५०० सारखा वागतो तो यामुळे.

मुख्य उजेडासाठी दोन फ्लॅश शेजारीशेजारी बांधून १/१६ वर, चार मीटरवर, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० ला एफ ८ (लेन्सच्या छिद्राचं माप) च्या आसपास उजेड देतात. दोन दुसऱ्या बाजूला, एक पाण्यासाठी, एक भिंतीसाठी. सगळे एकाच मॉडेलचे आणि एकाच ताकदीवर. एखादा जरी १/२ वर ठेवला तरी त्याची चमक लांबते आणि स्पष्ट थेंबाला पुसट जुळं चिकटतं. उजेड कमी करायचा असेल तर फ्लॅश मागे न्या, ताकदीला हात लावू नका.

एफ ८ वर ३५ मिमी लेन्स पाच मीटरवर फोकस केली तर अडीच मीटरपासून भिंतीपर्यंत सगळं स्पष्ट राहतं. फोकस हाताने लावून टेपने बंद करा.

खोलीतला उजेड हा लपलेला चोर. नेहमीच्या घरगुती दिव्यांत, या सेटिंगवर, खोलीचा उजेड फ्लॅशपेक्षा फक्त साडेतीन-चार स्टॉप खाली असतो (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). फरक सहा-सात स्टॉपचा हवा. चाचणी सोपी: सगळे फ्लॅश बंद करून एक फोटो काढा. तो पूर्ण काळा आला पाहिजे. त्याच वेळी माणसांना उतरायची जागा दिसायलाही हवी, म्हणून एकच मंद दिवा जमिनीलगत, चौकटीबाहेर.

मूळ चित्राचा उजेड जुळवताना अंदाज बांधत बसू नये. चांगल्या प्रिंटची मोठी प्रत काढा, ट्रेसिंग कागद ठेवा, प्रत्येक वस्तूच्या टोकापासून तिच्या सावलीच्या टोकापर्यंत रेघ ओढा. रेघा जिथे एकत्र येतात त्या दिशेला दिवा होता. सावलीची कड तीक्ष्ण असेल तर दिवा लहान किंवा दूर, विरघळलेली असेल तर मोठा किंवा जवळ. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि दिवसभराची ओढाताण वाचते.

कॅमेऱ्याची उंची कमी केली की उडी उंच दिसते, म्हणून लोक कॅमेरा जमिनीला टेकवतात. तेव्हा पावलं आणि त्यांची सावली यांतलं अंतर दाबलं जातं, आणि माणूस हवेत असल्याचा पुरावा तर ती सुटी सावलीच देते. लेन्स ८० ते १०० सेंटिमीटरवर ठेवा आणि उडी मारणाऱ्याला गुडघे मुडपायला सांगा. मुडपलेल्या गुडघ्यांनी चाळीस सेंटिमीटरची उडी सत्तरची वाटते.

हाल्समन यांच्याकडे या कामाला साजेसं खास हत्यार होतं: ४ बाय ५ इंच निगेटिव्हचा दोन लेन्सचा कॅमेरा, जो त्यांनी स्वतः आखून १९४७ साली बनवून घेतला होता. वरच्या लेन्समधून दिसणं क्षणभरही बंद होत नसे, म्हणून चित्र पडतानाच ते पाहू शकत. मिररलेस कॅमेऱ्यातही चौकट झाकली जाऊ नये अशी सोय असते, पण स्क्रीनवर दिसणारं किंचित उशिराचं असतं. म्हणूनही बोट तालावरच हवं.

लटकलेल्या वस्तू

इझल चार ते सहा किलोचं. ते दीड मिमीच्या स्टीलच्या दोन दोऱ्यांवर, प्रत्येक दोरी वस्तूच्या वजनाच्या किमान दहापट भार पेलणारी, छताच्या तुळईला बांधलेली. दोनच दोऱ्या असल्या तर पाणी लागताच इझल झुलतं. तिसरी दोरी मागून खाली ओढून बांधली की झुलणं थांबतं. मासेमारीची नायलॉन दोरी दिसत नाही म्हणून आवडते, पण ती वजनाने ताणत जाते आणि तासाभरात इझल दोन बोटं खाली येतं. ओळंबा सोडून दर पाच प्रयत्नांनी उंची तपासा. दीड मिमीची दोरी चित्रात अडीच पिक्सेल जाडीची येते, पुसायला काही नाही. अवघड असते ती तिची भिंतीवरची सावली, म्हणून इझल आणि भिंत यांच्यात दीड-दोन मीटर अंतर ठेवा आणि दोऱ्यांना चमक नसलेला करडा रंग द्या.

खुर्ची हलक्या लाकडाची, चौकटीबाहेरच्या भक्कम स्टँडवरून आलेल्या आडव्या दांड्याला पकडीने घट्ट केलेली, स्टँडच्या पायांवर पंधरा किलो वाळूच्या पिशव्या. हाताने धरली तर दहाव्या प्रयत्नानंतर तिचा कोन बदलायला लागतो. स्टुलाला खालून एकच बारीक लोखंडी पाय, चपट्या तळपट्टीवर वेल्ड केलेला.

मांजरं

जिवंत मांजरं फेकायची नाहीत. ती क्रूरता आहे, बऱ्याच देशांत गुन्हाही आहे, आणि मानवंदनेच्या नावाखाली ती धुतली जात नाही. प्रश्न असतो त्यांच्या जागी काय.

एक वाट: मांजर स्वतःहून साठ-सत्तर सेंटिमीटरच्या फळीवरून खाऊकडे झेप घेतं, कोरड्या जमिनीवर, त्याच्या ओळखीचा सांभाळणारा सोबत, त्याच उजेडात वेगळं टिपायचं आणि नंतर चौकटीत बसवायचं. दिसायला हे मूळच्या जवळ जातं. पण स्वतःहून झेपावणाऱ्या मांजराचं अंग लांब, पुढचे पाय उतरायच्या तयारीत असतात. मूळ चित्रातली धांदल त्यात नसते. आणि वर म्हटलेला कणा मोडतो.

दुसरी वाट आम्हाला अधिक प्रामाणिक वाटते: मांजरांच्या जागी खरोखर फेकता येईल अशी वस्तू. कापडी बाहुल्या पोटात तीनशे-चारशे ग्रॅम वाळू भरून, किंवा ओल्या जाड कापडाच्या गुंडाळ्या, किंवा जिला मानवंदना द्यायची त्या व्यक्तीच्या कामाशी नातं असलेलं काही. वजन तीनशे ग्रॅमच्या खाली गेलं तर वस्तू हवेत भरकटते आणि दरवेळी नवी वाट धरते. पाचशेच्या वर गेलं तर कुणाला लागण्याची भीती. तिन्ही वस्तू सारख्या वजनाच्या, पण वेगळ्या उंचीवरून जाणाऱ्या, कारण मूळ रचनेत मांजरं आणि पाणी मिळून जी लाट तयार होते ती त्या उंचींच्या फरकातून येते. वस्तू बदलली की चित्र नव्या माणसाचंही होतं, आणि क्षण मात्र तसाच खरा राहतो.

प्रयत्नांमधला वेळ

पुसणं, पुन्हा उभं राहणं, कपडे झटकणं यात दर फेरीला आठ-दहा मिनिटं जातात. उडी मारणाऱ्यासाठी सारख्या कपड्यांचे तीन जोड हवेत, नाहीतर तिसऱ्या प्रयत्नापासून ओला कोट अंगाला चिकटलेला दिसतो. दर फेरीनंतर चित्र पडद्यावर सगळ्यांनी पाहायचं, पण दुरुस्ती एकच सांगायची, एकाच माणसाला. पाच जणांना पाच सूचना दिल्या की पुढच्या फेरीत काय कशामुळे बदललं ते कळत नाही.

दर पाच फेऱ्यांनी, कोणी चौकटीत नसताना, त्याच उजेडात रिकाम्या सेटचा एक फोटो घ्या. तारा आणि दांडा पुसताना मागची भिंत त्यातून भरता येते. सुरुवातीच्या कोरड्या सेटचा एकच फोटो ठेवला तर ओल्या फरशीशी त्याचा रंग जुळत नाही.

दहाव्या-बाराव्या फेरीनंतर कोणीतरी म्हणतंच की सातव्यातलं पाणी आणि अकराव्यातली उडी जोडून टाकू. तेव्हा कण्याची आठवण ठेवायची. हाल्समन यांनाही निगेटिव्ह कापून जोडणं येत होतं.

प्रिंट आणि श्रेय

मूळ प्रिंट पाच-चार प्रमाणाच्या जवळ आहे, म्हणून ३:२ चौकटीच्या बाजू कापाव्या लागतात. फेकणाऱ्यांना उभं राहायला त्यामुळे जागा मिळते. जुनं दिसावं म्हणून फिल्मचे ढोबळ कण, ओरखडे, तपकिरी छटा घालणं टाळा. ४ बाय ५ इंच निगेटिव्हवरून ३३ सेंटिमीटरचा प्रिंट म्हणजे जेमतेम अडीच-पावणेतीन पट मोठं करणं. त्यात कण दिसतच नाहीत. त्या काळच्या मोठ्या निगेटिव्हची ओळख म्हणजे गुळगुळीत करड्या छटा. काळा रंग गच्च करू नका, सावलीतही कोटाची शिवण दिसू द्या.

हक्कांचा भाग थोडक्यात, पण तो सुरुवातीलाच बघायचा. इथे दोन वेगळे हक्क आहेत. हाल्समन १९७९ साली गेले, डाली १९८९ साली. कर्त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं संरक्षण देणाऱ्या देशांत छायाचित्र आणि रंगचित्र दोन्ही अजून संरक्षित आहेत. म्हणून 'लेडा अ‍ॅटॉमिका'ची नक्कल सेटवर टांगू नये, तिथे स्वतःचं चित्र लावावं. माणूस उडी मारतो ही कल्पना कुणाची मालमत्ता नाही, पण नेमकी मांडणी असू शकते. जेफ कून्स यांनी आर्ट रॉजर्स यांच्या पिल्लांच्या छायाचित्रावरून शिल्प केलं, त्यावर अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने १९९२ साली कून्स यांच्या विरोधात निकाल दिला. माध्यम बदललं म्हणून सुटका झाली नाही. प्रदर्शन, विक्री किंवा जाहिरात असेल तर मूळ कलाकाराच्या वारसांची लेखी परवानगी आधी घ्यावी.

श्रेय द्यायच्या चांगल्या रीती आधीच पडलेल्या आहेत. सँड्रो मिलर यांनी २०१४ साली अभिनेते जॉन माल्कोविच यांना घेऊन नामवंत छायाचित्रं पुन्हा घडवली, त्यांत प्रत्येक शीर्षक मूळ छायाचित्रकाराच्या नावाने सुरू होतं. स्विस जोडी कोर्टिस आणि सोंडरएगर गाजलेली छायाचित्रं छोट्या प्रतिकृतींतून बांधतात आणि कडेला गोंद, कात्र्या, दिव्यांचे स्टँड मुद्दाम दिसू देतात. दुसरी रीत या प्रकरणाला विशेष जुळते. दोन प्रिंट शेजारी लावावेत: एक तारा पुसलेला, कापलेला, दुसरा पूर्ण रुंदीचा, ज्यात दांड्यावरची खुर्ची, इझलच्या दोऱ्या, रिकामी बादली धरलेले हात आणि पोतेरं घेऊन थांबलेला माणूस दिसतो. दोन्हींखाली एकच ओळ: 'फिलिप हाल्समन यांच्या १९४८ च्या डाली अ‍ॅटॉमिकसवरून. एकच एक्स्पोजर, फक्त दोऱ्या आणि आधार पुसले आहेत.' त्यापुढे किती फेऱ्या लागल्या तो आकडा.